हुशारी जपण्याची मार्गदर्शिका : प्रथम वर्ष, बर्डी (सीताबर्डी) विभाग, नागपूर

ही कोणासाठी आहे

बारावीचा निकाल लागला, कॉलेजात ॲडमिशन झाली, आणि फाटकाशी उभं राहून बाबांनी शेजारच्या काकांना सांगितलं, "पोट्टा हुशार हाये, पण अभ्यास नाही करत." हे वाक्य तुमच्याबद्दल एकदा जरी बोललं गेलं असेल, तर पुढला मजकूर तुमच्यासाठीच आहे. बोललं गेलं नसेल, तर तुम्ही बहुधा अभ्यास करणाऱ्यांपैकी आहात. तुमच्याबद्दल आम्हाला सहानुभूती आहे, पण तुमच्या कामाचं इथं फार काही नाही.

आधी या वाक्याचं मोल ओळखा. विद्यापीठाची गुणपत्रिका दर सत्राला नवी येते. घरचं हे प्रमाणपत्र एकदाच मिळतं आणि जन्मभर चालतं. मार्क कमी पडले तर ते रद्द होत नाही, उलट आणखी पक्कं होतं. कमी मार्क म्हणजे अभ्यास केला नाही याचा पुरावा, आणि अभ्यास केला असता तर काय झालं असतं हे ठरवायला सगळा मोहल्ला मोकळा. धोका एकच आहे. तुम्ही खरोखर मान मोडून अभ्यास केलात आणि तरी अठ्ठावन्न टक्केच पडले, तर? मग काकांना सांगायला बाबांकडे काही उरत नाही. "अभ्यास खूप करते, पण..." हे उलटं वाक्य तर आपल्याकडे कोणी पूर्णही करत नाही.

म्हणून अभ्यासक्रमाचं सूत्र असं: हुशारी आणि मेहनत ह्या दोघींची गाठ कधी पडू द्यायची नाही.

ह्याला शास्त्राचा आधार आहे. १९७८ साली अमेरिकेत स्टीव्हन बर्गलस आणि एडवर्ड जोन्स यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना कोडी घातली. काहींची कोडी सुटण्याजोगी होती, काहींची मुळातच न सुटणारी. पण शाबासकी मात्र सगळ्यांना सारखीच दिली. मग दुसरी चाचणी घेण्याआधी दोन औषधं समोर ठेवली, एक डोकं तल्लख करणारं आणि एक मंद करणारं, आणि हवं ते घ्या म्हणून सांगितलं. आपल्याला शाबासकी का मिळाली हे ज्यांना कळलंच नव्हतं, त्यांच्यातल्या मुलग्यांचा ओढा डोकं मंद करणाऱ्या औषधाकडे निघाला. पुढे हरलो तर दोष गोळीचा, आपला नाही. मुलींमध्ये हा कल दिसला नाही. त्याची कारणं मुलग्यांनी आपापल्या घरी शोधावीत. प्रयोगशाळेत त्यासाठी गोळी द्यावी लागली. बर्डीवर तिची गरज नाही.

साहित्य

मेट्रोनं येत असाल तर मुंजे चौकातल्या इंटरचेंजला उतरा, सिटी बसनं येत असाल तर मोर भवनला. मेन रोडवरून एक सॅक घ्या. मोदी नंबर तीनमधून इअरफोन घ्या, कारण अभ्यासाला शांतता लागते आणि शांततेत गाणी चांगली ऐकू येतात. फुटपाथवर जुनं पुस्तक मिळालं तर घासाघीस करून घ्या. आधीच्या मालकानं पहिल्या तीस पानांवरच खुणा केलेल्या असतात, म्हणजे परंपरा आयती मिळते. पाच रंगांचे हायलायटर हवेतच. शेवटी टॉपरच्या नोट्सची झेरॉक्स. मशीनमधून निघालेली पानं गरम असतात, ती छातीशी धरली की अर्धा सिलॅबस झाल्यासारखं वाटतं.

हायलायटरचा आग्रह का, ते सांगतो. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या. ओळी रंगवणं आणि तेच ते पुन्हा वाचणं यांना त्यांनी सर्वात खालची श्रेणी दिली. सर्वात वरची श्रेणी मिळाली ती पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारण्याला आणि थोडा थोडा अभ्यास बऱ्याच दिवसांवर पसरण्याला. ह्यावरून आपण काय करायचं हे उघड आहे. रंगवा. सगळं पान पिवळं होईपर्यंत रंगवा. पुस्तक मिटून आठवायला गेलात तर काय येत नाही ते तत्काळ कळतं, आणि हे कळणं आपल्या उद्दिष्टाला मारक आहे.

हजेरी

इथं नवशिके चुकतात. नोटीस बोर्डावर पंच्याहत्तर टक्के हजेरीचा कागद पाहून ते घाबरतात आणि वर्गात जाऊन बसतात.

२०१० साली मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी कॉलेजातल्या हजेरीवरची अनेक संशोधनं एकत्र करून पाहिली. त्या त्या विषयातल्या गुणांशी हजेरीचं नातं इतकं घट्ट निघालं की शाळेतले मार्क, प्रवेश परीक्षेचे मार्क, अभ्यासाच्या सवयी हे सगळे मागे पडले. म्हणजे मागच्या बाकावर नुसता येऊन बसणारा, वहीत सरांचं चित्र काढणारा मुलगासुद्धा हळूहळू बिघडतो. कानावर पडत राहतं, कोणता प्रश्न सरांच्या आवडीचा आहे ते समजतं, शेजारीण सबमिशनची तारीख सांगते. असं वर्षभर चाललं तर पास होण्याची शक्यता वाढते, आणि त्यात हुशारीचं श्रेय कुठंच लागत नाही.

तेव्हा पहिल्या तासाला कॉलेजच्या फाटकापर्यंत जावं. तिथं एखादा मित्र भेटतोच.

"काय बे, चाल न बर्डीवर."

"लेक्चर हाये न."

"कायचं लेक्चर बाप्पा, प्रॉक्सी लावते न तो."

झिरो माईलवरून व्हेरायटी चौक, तिथून मेन रोड, तर्री-पोहे, झाशी राणी चौकापर्यंत एक चक्कर, आणि परत. ह्या रस्त्यावर वेळ कसा जातो ते कोणत्याही विद्यापीठाला अजून मोजता आलेलं नाही. वर टेकडीवर किल्ला आहे. संख्याबळ आपल्या बाजूला असूनही हरता येतं, हे भोसल्यांच्या फौजेनं इंग्रजांशी लढताना तिथं १८१७ च्या नोव्हेंबरातच सिद्ध करून ठेवलं. तो किल्ला तुमच्या पाठ्यपुस्तकासारखा आहे: सर्वसामान्यांसाठी वर्षातून दोन-तीनच दिवस उघडतो.

बुद्ध्यांक

टपरीवर बसून मोबाइलवर फुकटची आय.क्यू. टेस्ट द्या. ती १४० च्या खाली क्वचितच येते. स्क्रीनशॉट जपून ठेवा. खऱ्या चाचणीच्या वाटेला जाऊ नका, कारण खरी चाचणी काढणाऱ्या माणसाचा हेतूच वेगळा होता. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी ती केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना कुठं मदत लागते हे शोधायला. तिच्यावरून मुलांच्या छातीवर बिल्ले लावण्याचं काम पुढच्या लोकांनी केलं. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी ती बेतून घेतली.

बिल्ले लावणाऱ्यांत अमेरिकेचे लुईस टर्मन मोठे. १९२१ पासून त्यांनी तल्लख बुद्ध्यांकाची दीड हजारांवर मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा माग ठेवला. त्या निवडीत न बसलेल्या दोन मुलांना पुढे पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं: विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ. निवडलेल्यांपैकी एकालाही मिळालं नाही. त्याहून आपल्या कामाची गोष्ट निराळी आहे. टर्मन यांनी आपल्याच मुलांतले सर्वात यशस्वी आणि सर्वात अयशस्वी असे दोन गट समोरासमोर ठेवले, तेव्हा त्यांच्या बुद्ध्यांकात फरक नव्हताच म्हटलं तरी चालेल. फरक होता तो चिकाटीत आणि ठरवलेल्या गोष्टीकडे सरळ चालत राहण्यात. ही माहिती घरी कळू देऊ नका.

प्रेरणा मिळवण्याची रीत

प्रेरणा ही परीक्षेआधी वीस दिवस येते. ती यावी म्हणून आधी टाइमटेबल करा. पट्टी, स्केचपेन, पाच वाजता उठणे, साडेपाचला युनिट एक. त्याला एक संपूर्ण दिवस द्या. दुसऱ्या दिवशी पाचाला जाग आली नाही तर टाइमटेबल चुकलं असं समजून नवं करा. मग एखादं प्रेरणादायी भाषण ऐका. ऐकताना अंगावर काटा येतो, आपण आत्ताच काहीतरी मोठं केलं असं वाटतं, आणि त्या समाधानात झोप छान लागते.

ध्येय मोठं आणि धूसर ठेवा. "यूपीएससी करून राहिलो" हे उत्तम ध्येय आहे. त्याची कोणी सोमवारी तपासणी करत नाही. "अकाउंट्सच्या पेपरात मला बासष्ट पाहिजेत, त्यासाठी शनिवारपर्यंत हे दोन धडे" असलं ध्येय ठेवलंत तर संपलंच.

का, ते जरा विस्तारानं सांगावं लागेल, आणि तेवढ्यापुरता चेहरा सरळ ठेवावा लागेल. २०१२ साली मिशेल रिचर्डसन, चार्ल्स अब्राहम आणि रॉड बाँड यांनी विद्यापीठातल्या गुणांवरची १९९७ ते २०१० मधली संशोधनं एकत्र करून हिशेब मांडला. ० म्हणजे काही संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध. बुद्धिमत्तेच्या चाचणीचा कॉलेजातल्या गुणांशी संबंध निघाला ०.२०. शाळेतल्या गुणांचा ०.४०. कंटाळा आला तरी काम रेटून नेण्याच्या सवयीचा ०.३२. आणि "ह्या विषयात मी अमुक इतके गुण मिळवू शकतो" ह्या नेमक्या खात्रीचा ०.५९, म्हणजे सगळ्यांत जास्त.

आकडे पाहून दोन उतावळे निष्कर्ष निघतात. पहिला असा, की हुशारीला किंमत नाही. तसं नाही. कट-ऑफ लागून एका वर्गात आलेली मुलं आधीच निवडलेली असतात. शेवटच्या नावात आणि पहिल्या नावात दोन-चार टक्क्यांचं अंतर. सगळेच कमीजास्त हुशार असले की हुशारीवरून त्यांच्यात फरक करता येत नाही. आर्थर पोरोपाट यांनी २००९ मध्ये हेच दुसऱ्या बाजूनं दाखवलं: प्राथमिक शाळेत बुद्धीचं पारडं जड असतं, कॉलेजात पोचेपर्यंत नेटानं, नीटपणानं काम करण्याचा स्वभाव तिच्या बरोबरीला येतो. गावातल्या शाळेत न वाचता पहिला येणारा मुलगा नागपुरात येऊन पहिल्याच सत्रात दोन विषयांत बॅक घेऊन बसतो, ते ह्यामुळं. त्याची बुद्धी बर्डीच्या गर्दीत हरवलेली नसते. अभ्यासाला बसायची सवय त्याला कधी लागलीच नव्हती, कारण तिच्यावाचून अडलं नव्हतं. आणि आता भोवतालची साठ मुलं आपापल्या शाळेत पहिलीच आलेली.

दुसरा उतावळा निष्कर्ष भाषणं देणाऱ्यांचा: बघा, सगळा खेळ आत्मविश्वासाचा आहे, आरशासमोर उभं राहून "मी करू शकतो" म्हणा. ती ०.५९ वाली खात्री आरशातून येत नाही. मागच्या चाचणीत पंचेचाळीस पडले, तीन धडे झाले, जुने पेपर सोडवून पाहिले, म्हणून आता बासष्ट येतील, असा तो हिशेब असतो. ह्या खात्रीचा बराचसा भाग केलेल्या कामाचाच असणार. थोडं जमलं की हुरूप येतो, हुरूप आला की आणखी थोडं होतं. प्रेरणेची वाट पाहत बसलेल्याकडे ती येत नाही, बसून दोन उदाहरणं सोडवणाऱ्याकडे मात्र तिसऱ्या उदाहरणाच्या सुमारास येते.

असो. पुन्हा मार्गदर्शनाकडे. बाबांनी "फर्स्ट क्लास आण, बुलेट घेऊन देतो" म्हटलं तर लगेच हो म्हणा. १९७१ साली एडवर्ड डेसी यांनी काही विद्यार्थ्यांना कोडी सोडवायचे पैसे दिले. पैसे बंद झाल्यावर त्यांचा कोड्यांतला रस आधीपेक्षा कमी झाला. फुकट सोडवणाऱ्यांचा टिकून होता. तुम्हाला एखादा विषय चुकून आवडायला लागला असेल तर बुलेट हा त्यावर रामबाण उपाय आहे.

एक धोकादायक उदाहरण

नागपूरच्या घरांत अडचणीत आणणारं एक नाव हमखास निघतं: श्रीकांत जिचकार. जन्म १९५४ चा, काटोलकडचा. नागपूरलाच एम.बी.बी.एस., एम.डी.; मग कायदा, व्यवस्थापन, पत्रकारिता, कितीतरी विषयांत एम.ए., संस्कृतात डी.लिट. १९७३ ते १९९० दरम्यान विद्यापीठाच्या ४२ परीक्षा आणि २० पदव्या. मध्येच आय.पी.एस. झाले, आय.ए.एस. झाले, दोन्ही सोडून १९८० साली आमदार झाले. २ जून २००४ ला अपघातात गेले, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.

हे नाव आईच्या तोंडून निघालं की एकच उत्तर द्या: "त्यांचं डोकंच वेगळं होतं, आई." हे उत्तर फार गुणकारी आहे. दुसऱ्याच्या डोक्याला नमस्कार केला की आपल्याला त्याच्यासारखं वागण्यातून सूट मिळते. फक्त आईला हिशेब करू देऊ नका. सतरा वर्षं, प्रत्येक उन्हाळी परीक्षा, प्रत्येक हिवाळी परीक्षा. एका पेपराची शाई वाळते न वाळते तोच पुढच्याची तयारी. नुसत्या हुशारीला इतक्या वेळा परीक्षेचा फॉर्म भरायचा कंटाळा येतो.

कारणे, ऋतुमानानुसार

आपल्याकडे परीक्षांची नावंच ऋतूंवरून आहेत, त्यामुळे कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. उन्हाळी परीक्षेला ऊन. पारा पंचेचाळिशीच्या पुढं, कूलरची खस वाळलेली, लाइन गेलेली. ह्यात कोणाच्या बापाला अभ्यास होणार? हिवाळी परीक्षेला विधिमंडळाचं अधिवेशन. दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरवणाऱ्या १९५३ च्या नागपूर करारानं विदर्भाला काय दिलं ह्यावर वाद चालू राहतील, पण विद्यार्थ्यांना त्यानं डिसेंबरातले मोर्चे दिले आणि बर्डीवरचे अडवलेले रस्ते दिले. पावसाळ्यात परीक्षा नसते, तेव्हा कारणही लागत नाही.

आदल्या रात्रीची "वन नाईट फाईट" जरूर लढा. रोडिगर आणि कारपिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनी पाच मिनिटांनंतर घेतलेल्या परीक्षेत बाजी मारली होती. आठवड्यानंतर मात्र आठवून पाहणारे पुढे गेले. तुमच्या दोन पेपरांत किती दिवसांचं अंतर आहे ते पाहून काय ते ठरवा. सकाळी टेकडीच्या गणपतीला जाऊन या. तिथल्या रांगेत घासू आणि न वाचलेले दोघंही असतात, आणि दोघांच्याही हातात नारळच असतो.

निकाल लागल्यावर रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरा. बुद्धी आणि मेहनत दोन्ही टाळून मार्क वाढवायचा तिसरा मार्ग काहींनी काढून पाहिला होता, पण नागपूर विद्यापीठातला तो गुणवाढीचा घोटाळा १९९९ मध्ये बाहेर आला आणि पोलिसांपर्यंत गेला. त्याचं प्रशिक्षण आम्ही देत नाही.

कोणी वापरू नये

मेन रोडवरच्या दुकानांत संध्याकाळी काउंटरमागे उभी असलेली काही मुलं-मुली सकाळी कॉलेजात असतात. कोणी भंडाऱ्याकडची, कोणी गडचिरोलीची, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. आमची पद्धत त्यांना लागू पडत नाही. तिला भांडवल लागतं: नापास झाल्यावरही जेवायला वाढणारं घर, आणि त्या घरात तुम्ही हुशार आहात असं सांगत राहणारं कोणीतरी. त्यांच्यातल्या पुष्कळांना ते वाक्य मिळालेलंच नसतं. एक सत्र गेलं तर घरून फोन येतो, परत ये म्हणून.

ह्यांना प्रेरणेवर व्याख्यान द्यायला मात्र सगळे पुढे. १४ एप्रिलच्या सुमारास बाबासाहेबांना अभिवादन म्हणून सलग अठरा तास वाचायला बसणाऱ्यांत हीच मुलं असतात. त्यांना कमी पडते ती प्रेरणा नव्हे. शिष्यवृत्ती वेळेवर खात्यात आली, वसतिगृहात जागा मिळाली आणि शेवटच्या बसची वेळ अर्ध्या तासानं पुढं गेली, तर त्यांचे मार्क किती वाढतील ह्याचा अंदाज कुठल्याही बुद्ध्यांकापेक्षा नीट बांधता येईल, असं आमचं मत आहे. मत म्हणूनच घ्यावं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रूममेट रोज रात्री दोन तास वाचतो. त्याचं काय करावं?
त्याला घासू म्हणा. ऐकलं नाही तर त्याच्या नोट्सची झेरॉक्स काढून ठेवा.

मैत्रिणीनं अभ्यासिकेत माझ्यासाठी जागा धरली आहे. जाऊ का?
एकदा गेलात की दुसऱ्या दिवशी जावंच लागेल. ह्यातूनच सवयी लागतात. सांभाळा.

सरांनी वर्गात माझ्या उत्तराचं कौतुक केलं. आता?
कौतुक कशाचं केलं ते नीट आठवा. "हुशार आहेस" म्हणाले असतील तर चिंता नाही. १९९८ च्या एका प्रयोगात क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांना असं दिसलं, की हुशारीबद्दल शाबासकी मिळालेली मुलं पुढं सोपीच कोडी मागतात. "मेहनत चांगली घेतलीस" म्हणाले असतील तर त्या सरांच्या तासाला पुन्हा जाऊ नका.

सगळे नियम पाळले, तरी चुकून चांगले मार्क पडले तर?
घाबरू नका. "काहीच केलं नव्हतं, बाप्पा" एवढंच म्हणत राहा, लोक विश्वास ठेवतात. बर्डीवरून अर्धा किलो संत्राबर्फी घ्या आणि सगळ्यांना एकेक वडी वाटा. रात्री दोन वाजता तुम्हाला वहीवर मान टाकून झोपलेलं ज्यानं पाहिलं आहे, त्याला मात्र वेगळा अख्खा डबा द्या.